सामाईक विमान

ज्याने सारी हयात सायकलीवरून शाळा गाठण्यात घालविली, आणि ज्याच्या मालकीचे सर्वांत वेगवान वाहन अद्यापिही तीच सायकल आहे, अशा एका सेवानिवृत्त शिक्षकाने विमानाच्या मालकीविषयी चार शब्द लिहावेत, हे पाहून पुष्कळांस हसू येईल. ते येऊ द्यावे. प्रथम मलाही आलेच होते. परंतु सन २०२३ च्या उन्हाळ्यात चिरंजीवाच्या आग्रहावरून आम्ही उभयता अमेरिकेतील ओहायो राज्यात चार महिने राहून आलो, आणि त्या मुक्कामात एका लहानशा विमानाची नोंद एकाच्या नावावरून तिघांच्या नावावर होताना मी जवळून पाहिली. त्या नोंदीने आमच्या घरातील चाळीस वर्षांच्या एका जुन्या गाठीला हात घातला. ती गाठ आमच्याच घरात आहे असे मला वाटत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

चिरंजीवाचे विमान म्हणजे आपण मुंबईस पाहतो तसले अजस्र धूड नव्हे. सेस्ना १७२ या जातीचे, चार आसनांचे, एका इंजिनाचे, आणि पडवीच्या छपराप्रमाणे पंख डोक्यावर असलेले असे ते एक साधे यंत्र आहे. या जातीचे पहिले विमान १९५५ साली उडाले. तेव्हापासून आजवर ४४,००० हून अधिक विमाने बांधली गेली. जगात इतक्या मोठ्या संख्येने दुसरे कोणतेही विमान बांधले गेलेले नाही. चिरंजीवाचे विमान १९७८ सालचे, म्हणजे वयाने धन्याहून वडील. त्याने ते हौसेने घेतले, स्वतः उडविण्यास शिकला, आणि मग आपल्याकडील म्हणीचा त्याला प्रत्यय आला. दारी हत्ती बांधणे सोपे. त्याला चारा पुरविणे कठीण!

विमान उभे करण्याच्या छपराचे भाडे दरमहा द्यावेच लागते. विमा वेगळा. दर बारा महिन्यांनी संपूर्ण तपासणी करून घ्यावी, असा तेथे कायदाच आहे. ती झाली नाही तर विमान जागेवरून हलविता येत नाही. शिवाय सुमारे दोन हजार तास चालल्यावर इंजिन सर्व उकलून पुन्हा बांधावे अशी कारखान्याची सूचना असते, आणि त्या एका कामाचा खर्च ऐकून माझ्या सेवानिवृत्तिवेतनाला घेरी आली. इतके करून चिरंजीव उडणार किती, तर वर्षाकाठी चाळीस तासही नाहीत. नोकरी, मुले, ओहायोतील हिवाळा, सारेच आडवे येई.

एके सायंकाळी तो मला म्हणाला, “बाबा, न उडणारे विमान उडणाऱ्यापेक्षा लवकर खराब होते. इंजिन पडून राहिले की आतून गंज धरतो. माणसाचा हात नाही लागला तर यंत्रसुद्धा खचते.”

मी काहीच बोललो नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील आमचे मूळ घर, त्याची अकरा महिने बंद असणारी माजघराची खोली आणि तेथला ओलीचा वास, हे सारे मला त्या क्षणी आठवले. बंद घर कसे खचते, हे कोकणच्या माणसाला कोणी सांगावे लागत नाही.

उपाय त्याने योजून ठेवला होता. विमानात आणखी दोन भागीदार घ्यावयाचे. एक शेजारचे वृद्ध अमेरिकन गृहस्थ. पत्नी निवर्तलेली, मुले दूर, पन्नास वर्षांचा उड्डाणाचा अनुभव. दुसरे एक तेलुगू डॉक्टर, तेथील नागरिकत्व घेतलेले. तिघांची मैत्री जुनी. रविवारी विमानाजवळच खुर्च्या टाकून गप्पा मारावयाच्या, हा त्यांचा नेम. मी म्हटले, “उत्तम आहे. खर्चाची तीन भागांत वाटणी कर, किल्ली तिघांना दे, झाले! स्नेह्यांत कागद कशाला?”

चिरंजीव हसला. म्हणाला, “बाबा, स्नेह आहे तोवरच कागद करायचा असतो. बिघडल्यावर केला तर त्याला दावा म्हणतात.”

हे वाक्य मला बोचले. का बोचले, ते पुढे सांगेन.

त्यानंतर तीन आठवडे त्याच्या जेवणाच्या मेजावर कागदांचा पसारा होता. मला इंग्रजी वाचता येते, वेळ भरपूर होता, आणि वह्या तपासण्याची खोड मोडलेली नव्हती. तेव्हा त्या पसाऱ्यातील एकेक कागद मी वाचू लागलो, आणि पाहता पाहता त्यात रमलो.

प्रथम एक तत्त्व ध्यानी घ्यावे. विमानाला मनुष्याप्रमाणे राष्ट्रीयत्व असते. १९४४ साली शिकागो येथे राष्ट्राराष्ट्रांमध्ये जो करार झाला, त्याअन्वये ज्या देशाच्या वहीत विमानाची नोंद त्या देशाचे ते विमान; आणि एकाच वेळी दोन देशांच्या वह्यांत त्याचे नाव लागत नाही. अमेरिकेतील विमानांची वही ओक्लाहोमा सिटी या शहरी ठेवलेली आहे. तेथील प्रत्येक विमानाच्या अंगावर ‘एन’ या अक्षराने आरंभ होणारा क्रमांक असतो. त्या क्रमांकात ‘आय’ आणि ‘ओ’ ही अक्षरे घेत नाहीत, कारण ती एक आणि शून्य या आकड्यांसारखी दिसतात. हे वाचून, फळ्यावर ‘घ’ आणि ‘ध’ यांत घोळ घालणारे माझे विद्यार्थी मला आठवले! धनी बदलला तरी हा क्रमांक बदलत नाही. विमान उडण्यास योग्य असल्याचा जो दाखला असतो तोही विमानाबरोबरच राहतो. बदलते ते केवळ नोंदपत्र. कारण मालकी हस्तांतरित होताच जुने नोंदपत्र तत्काळ संपुष्टात येते. त्याच्या पाठीवर नव्या मालकांची नावे लिहून, २१ दिवसांच्या आत ते परत धाडावयाचे असते.

आता मौज पाहा. एका मालकाचे विमान तिघांचे करावयाचे, तर त्यासाठी खरेदीखत लागते. विकणारा कोण? चिरंजीव. घेणारे कोण? वृद्ध गृहस्थ, डॉक्टर, आणि पुन्हा चिरंजीव! म्हणजे त्याने आपले विमान इतर दोघांसह स्वतःलाच विकावयाचे. मी चाळीस मिनिटांच्या तासात कारके शिकविताना कर्ता निराळा आणि संप्रदान निराळे असे मुलांना घोकवीत आलो. येथे एकच पुरुष कर्ताही होता आणि संप्रदानही. परंतु विचार करता त्यात मोठा अर्थ दिसला. आपण आपल्या मालकीत दुसऱ्यांना ‘घेतो’ असे नव्हे; आपण एकटेपणाचा हक्क प्रथम पूर्ण सोडावयाचा, आणि मग इतरांच्या पंक्तीस त्यांच्यासारखेच बसून आपला वाटा घ्यावयाचा. यजमानाने पाटावरून उठून पंगतीत येऊन बसावे, तसे ते होते.

दुसरा कागद नोंदणीच्या अर्जाचा. त्यात मालकीचा प्रकार दर्शविणाऱ्या चौकटी असतात: एकटा मनुष्य, भागीदारी, कंपनी, सहमालक, इत्यादि. पैकी ‘भागीदारी’ आणि ‘सहमालक’ यांत सामान्य माणसाला फरक वाटत नाही. कायद्याला वाटतो. भागीदारी संस्था म्हटली, की तिचा प्रत्येक भागीदार तेथील नागरिकच असावा लागतो. सहमालकांपैकी प्रत्येक जण मात्र नागरिक असला किंवा कायम वास्तव्याची परवानगी, ज्याला ग्रीन कार्ड म्हणतात ती, मिळालेला असला तरी चालते. चिरंजीव ग्रीन कार्डाचा धनी, नागरिक नव्हे. चुकीच्या चौकटीत फुली पडली असती तर नोंदणीचा पायाच ढासळला असता. तिघांनीही स्वतः सह्या करावयाच्या, सहीखाली नाव छापील अक्षरांत लिहावयाचे, आणि आपण सहमालक असल्याचे नमूद करावयाचे. सोबत शुल्क जोडावयाचे, पाच डॉलर. हत्तीच्या खरेदीवर सुपारीची दक्षिणा!

पाकिटात घालण्यापूर्वी मी कागद एकवार मागून घेतले आणि सवयीप्रमाणे ओळीवर बोट ठेवून तपासले. खरेदीखतात चिरंजीवाचे नाव पूर्ण होते: त्याचे नाव, मध्ये माझे नाव, मग आडनाव. अर्जात मात्र माझ्या नावाचे नुसते आद्याक्षर. मी म्हटले, “दोन्हीकडे नाव एकसारखे असावे असे तुमच्या सूचनापत्रात लिहिले आहे, येथे तर तू मला कापून अक्षरभर ठेवलेस!” सारे हसले. अर्ज पुन्हा लिहिला गेला. चिरंजीव म्हणाला, “बाबा, आता तुमचेही नाव ओक्लाहोमाच्या वहीत लागले.” गंमतीचे बोलणे, परंतु त्या रात्री मला झोप लागेना.

कारण आता सांगतो. आमच्या गावच्या सात-बारा उताऱ्यावर माझे नाव आहे, आणि त्यापुढे तीन अक्षरे आहेत: ए. कु. मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. वडील १९८३ साली निवर्तले. त्या वेळी मी २६ वर्षांचा, भगिनी नुकतीच सासरी गेलेली, आणि धाकटे बंधू पंधरा वर्षांचे, अज्ञान. तेव्हाच्या रीतीप्रमाणे घरातील कर्त्या मुलाचे नाव कुटुंबाच्या वतीने लागले. बंधू सज्ञान झाले, मुंबईस नोकरीला लागले, डोंबिवलीस बिऱ्हाड केले. मातोश्री २००४ साली गेल्या. तीन अक्षरे होती तेथेच राहिली. २०११ साली गणपतीच्या दिवसांत बंधूंनी हलकेच विषय काढला, “दादा, उताऱ्यावर आमचीही नावे लावून घेऊ या का?” मी ताडकन म्हणालो, “का? मी तुला घराबाहेर काढणार आहे असे वाटते का? भावाभावांत कागद कशाला?” ते उठून गेले. पुढे बारा वर्षे ते गणपतीस आले नाहीत.

मी स्वतःला अन्यायी समजत नव्हतो. मी कधी एक आंबाही चोरून विकला नव्हता. माझी समजूत अशी होती की, मन शुद्ध असले म्हणजे वहीला काय करावयाचे आहे? आणि ओक्लाहोमाच्या कागदांत याच समजुतीला आधार सापडेल असे मला प्रथम वाटले. कारण अमेरिकेच्या कायद्यात स्पष्ट म्हटले आहे की, विमानाचे नोंदपत्र हा मालकीचा पुरावा नव्हे. मालकीचा वाद उत्पन्न झाला तर नोंदपत्राने तो सुटत नाही. आपल्याकडेही नेमके तसेच आहे. फेरफाराची नोंद महसुलापुरती असते, तिने कोणास मालकी मिळत नाही आणि कोणाची जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने पुनःपुन्हा सांगितले आहे. मी विजयी मुद्रेने चिरंजीवास म्हणालो, “पाहा, जी नोंद मालकी देत नाही तिच्यासाठी एवढी यातायात कशासाठी?”

तो म्हणाला, “मालकी खरेदीखताने मिळते, बाबा. नोंद असते ती जबाबदारीची. हे विमान कोणाच्या छपरावर पडले, तर सरकार कोणाला विचारणार? वहीतल्या माणसांना. ज्याचे नाव आहे तोच उत्तर देऊ शकतो. नाव नसलेल्याला फक्त पैसे भरता येतात.”

नंतर त्यांनी आपसांत केलेला करार मी वाचला. सरकारच्या अर्जात तीन नावे असतात, परंतु कोणाचा हिस्सा किती याला रकाना नाही. आपसांतील करारात मात्र सर्व लिहिलेले: प्रत्येकाचा तिसरा हिस्सा; ठरलेली मासिक वर्गणी उडो अथवा न उडो द्यावयाची; प्रत्येक तासामागे इंजिनाच्या पुढील बांधणीसाठी वेगळी शिल्लक ठेवावयाची; कोणी कोणत्या रविवारी न्यावयाचे याची पाळी; कोणास बाहेर पडावयाचे झाल्यास हिस्सा प्रथम उरलेल्या दोघांना देऊ करावयाचा; आणि कोणी मृत्यू पावल्यास वारसांना काय मिळावे, तेही. शेवटचे कलम वृद्ध गृहस्थांनी स्वतः आग्रहाने घातले. जुन्या धर्मशास्त्राची ओळख असल्याने मला गंमत वाटली. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेप्रमाणे एकत्र कुटुंबातील पुरुषाचा हिस्सा वाटणी होईपर्यंत अमुक इतका असा ठरलेला नसतो. जीमूतवाहनाच्या दायभागात तो आधीपासून ठरलेला असतो. या तिघांनी सरकारपुढे मिताक्षरा मानली होती आणि घरात दायभाग! बाहेर एक, आत स्पष्ट. आम्ही कोकणात याच्या उलट केले होते. बाहेर वहीत मी एकटा, आणि आत सर्व काही मोघम.

तथापि माझा ताठा खऱ्या अर्थाने मोडला तो दुसऱ्याच एका प्रसंगाने.

चिरंजीवाच्या कचेरीतील एक मराठी तरुण, साताऱ्याकडचा, त्याच्या घरी वरचेवर येई. त्यालाही विमानात चौथा हिस्सा हवा होता. पैसे साठविलेले, उड्डाणाचा परवाना हाती आलेला. परंतु तो नोकरीच्या मुदतीच्या व्हिसावर होता, ग्रीन कार्ड नव्हते. असा एक सहमालक असला तरी सबंध विमान नोंदणीस अपात्र ठरते. हे कळताच तो म्हणाला, “माझे नाव नका घालू. मी पैसे देतो, तुम्ही तिघे कागदावर राहा. माझा तुमच्यावर विश्वास आहे.”

मला तो मुलगा फार आवडला. हाच तो खरा स्नेह, असे मी मनात म्हणालो. चिरंजीवाने मात्र मान हलविली. “तुझा आमच्यावर विश्वास आहे, म्हणूनच तुझे पैसे घेता येत नाहीत. ज्याचे नाव लावू शकत नाही त्याच्या पैशाने मी इंजिन बांधणार नाही. विमान लपवून मालकीचे ठेवणे कायद्यालाही खपत नाही आणि मलाही. ग्रीन कार्ड आले की ये; तोवर माझ्या शेजारच्या आसनावर बस.”

तो मुलगा हिरमुसला, परंतु चहा घेऊनच गेला. मी मात्र तेथून उठून अंगणात गेलो.

वाचकहो, आमच्या बंधूंनी बारा वर्षांत घरात पाऊल ठेवले नव्हते. परंतु दर वैशाखात कौले परतण्याचे पैसे ते न चुकता पाठवीत होते. गडगा ढासळला तेव्हा अर्धा खर्च त्यांनी दिला. विहिरीचा उपसा, घरपट्टीचा वाटा, काही राहिले नाही. मी ते पैसे घेत होतो, पावती म्हणून दोन ओळी धाडीत होतो, आणि त्याला बंधुप्रेम म्हणत होतो. त्यांचे प्रेम होतेच. प्रश्न माझा होता. ज्याचे नाव मी लावावयास तयार नव्हतो, त्याच्या पैशाने मी बारा पावसाळे घर शाकारून घेतले होते. माझ्याच मुलाने एका परक्या मुलाबाबतीत जे एका क्षणात नाकारले, ते मी पाठच्या भावाकडून आनंदाने स्वीकारीत आलो होतो.

पुढील रविवारी चिरंजीव आम्हांस डेटन शहरी घेऊन गेला. विमानाचे आद्य जनक विल्बर आणि ऑरव्हिल राइट हे बंधू येथलेच. गावाबाहेर हफमन प्रेअरी नावाचे कुरण आहे. तेथे त्यांनी १९०४ व १९०५ साली उड्डाणाचा कसून अभ्यास केला. या दोघा भावांविषयी मी शाळेत धडा शिकविला होता, परंतु पुढील गोष्टी त्या धड्यात नव्हत्या. दोघे अविवाहित, वडिलांच्या घरी एकत्र राहणारे; दोघांचे बँकेतील खाते एकच. पहिल्या उड्डाणाचा मान कोणाचा, हे त्यांनी १४ डिसेंबर १९०३ रोजी नाणे उडवून ठरविले. कौल विल्बरला लागला, प्रयत्न फसला. म्हणून १७ तारखेची पाळी ऑरव्हिलची, आणि त्याचे ते १२ सेकंदांचे उड्डाण इतिहासात गेले. पाळी चुकली म्हणून थोरल्याने कुरकुर केली नाही. त्याच दिवशी चौथ्या खेपेस तो ५९ सेकंद उडाला. आणि ज्यांचे बँकखाते एक, त्यांनी यंत्राचे एकस्व मात्र दोघांच्याही नावे घेतले. २२ मे १९०६ रोजी मिळालेल्या त्या एकस्वपत्रावर ऑरव्हिल आणि विल्बर ही दोन्ही नावे आहेत. ‘भावाभावांत कागद कशाला?’ असे थोरल्याने म्हटले असते, तर धाकट्याने कदाचित निमूटपणे ऐकलेही असते. थोरल्याने तसे म्हटले नाही.

त्यांचे वडील मिल्टन राइट यांना दोन्ही मुले एकाच अपघातात गमावण्याचे भय वाटे, म्हणून दोघे कधी एकत्र उडत नसत. २५ मे १९१० रोजी वडिलांच्या अनुमतीने, त्याच कुरणावर, ते दोघे एकदाच एकत्र उडाले. आणि त्याच दिवशी ८१ वर्षांच्या वडिलांना ऑरव्हिलने विमानात बसवून आकाशात नेले. मी त्या कुरणात उभा होतो, वारा सुटला होता, आणि सौ. पदर सावरीत होती. ती एवढेच म्हणाली, “भाऊजींना फोन करा.” चाळीस वर्षांच्या संसारात तिने माझे मन किती वेळा असे न विचारता वाचले असेल, देव जाणे.

दोन दिवसांनी चिरंजीवाने मला विमानात बसविले. नवे नोंदपत्र येईपर्यंत अर्जाची दुसरी प्रत विमानात ठेवून ९० दिवसांपर्यंत उडता येते. मात्र देशाबाहेर जाता येत नाही. त्यामुळे ईरी सरोवरापलीकडे कॅनडात जाण्याचा त्यांचा बेत पुढे गेला होता. उड्डाणापूर्वी त्याने एकेक कागद काढून पाहिला: उडण्यास योग्य असल्याचा दाखला, अर्जाची ती प्रत, चालनाची पुस्तिका, वजनाचा तक्ता. माझे वजनही त्याने विचारून टिपले! मग इंजिन गरजले, धावपट्टी मागे पळू लागली, आणि केव्हा जमीन सुटली ते कळलेही नाही. खाली मक्याची शेते ताणलेल्या धोतरजोड्यांसारखी पसरली होती. शेतांमधले बांध वरून दिसत नाहीत, असे काव्यात म्हणतात. मी खोटे सांगणार नाही. मला ते स्वच्छ दिसत होते. परंतु बांध आहेत म्हणून शेते भांडत आहेत, असे वरून वाटत नाही एवढे खरे.

त्या रात्री डोंबिवलीस फोन केला. तिकडे सकाळ होती. इतक्या वर्षांनी माझा आवाज ऐकून बंधू घाबरेच झाले. “दादा, काय झाले? वहिनी बऱ्या आहेत ना?” मी पुष्कळ बोलावयाचे योजून ठेवले होते, त्यातले काहीच तोंडून निघेना. अखेर म्हणालो, “सर्व क्षेम आहे. तुझ्या आधार कार्डाची प्रत पाठवून दे. तलाठ्याकडे द्यायची आहे.” पलीकडे बराच वेळ शांतता. मग ते म्हणाले, “ताईचीही मागवून घे.”

ते ऐकून मी दुसऱ्यांदा शरमलो. भगिनीने कधी काही मागितले नाही, म्हणून तिचा विचारच मला शिवला नव्हता. आणि जो मागून नाकारला गेला, त्याला तो प्रथम सुचला. आम्हा दोघा भावांच्या नावांमधले नाव एकच, आमच्या वडिलांचे. विवाहानंतर भगिनीच्या नावातील मधले नाव बदलले. परंतु मधले नाव बदलल्याने बाप बदलत नाही.

ऑगस्टच्या मध्यास आम्ही परतलो. तलाठी कार्यालयात अर्ज दिला. तीन अक्षरे कमी करून तीन नावे लावण्याची फेरफार नोंद धरली गेली, आणि संबंधितांना पंधरा दिवसांत हरकत कळविण्याविषयीची नोटीस निघाली. त्या वर्षी गणेशचतुर्थी १९ सप्टेंबरला होती. आदल्या दिवशी सायंकाळी अंगणात पावले वाजली. बंधू, त्यांची मंडळी, मुले, हातात मोदकांच्या साच्याची जुनी पिशवी. मी पुढे झालो, तर ते गंभीरपणे म्हणाले, “दादा, नोटीस मिळाली. हरकत नोंदवायला आलो आहे.” माझ्या काळजात धस्स झाले. “नोटिशीत माझे नाव ताईच्या आधी घातले आहेस. ती माझ्याहून मोठी आहे.”

मग जे झाले ते लिहिण्याजोगे नाही. घरोघरच्या वाचकांना ते न लिहिताच कळेल.

पुढे मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली, आणि त्याच सुमारास ओक्लाहोमाहून चिरंजीवाच्या विमानाचे नवे नोंदपत्र आले. त्याने त्याचे छायाचित्र धाडले. जानेवारी २०२३ पासून तेथे अशा नोंदपत्राची मुदत तीनऐवजी सात वर्षांची झाली आहे. त्यानंतर ते नव्याने करून घ्यावे लागते. सात वर्षांनी का होईना, वही पुन्हा उघडून ‘आपण तिघे अजून आहोत ना?’ असे विचारण्याची ही चाल मला फार शहाणपणाची वाटली. आपल्या उताऱ्यांना तसली मुदत नसते. एकदा लिहिलेले चाळीस वर्षे कोणी उघडून पाहत नाही, आणि आतून गंज धरतो.

नोंदीने मालकी मिळत नाही हे मी आरंभी शिकलो, ते आजही खरे मानतो. आमच्या बंधूंना आमच्या घरात नवे काहीच मिळाले नाही. जे त्यांचे होते तेच लिहिले गेले. परंतु त्या वर्षापासून माजघराची खोली बंद राहिलेली नाही. ज्या घरांच्या उताऱ्यावर अशीच तीन अक्षरे आणि एकच नाव असेल, त्या घरच्या वडीलधाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे: येत्या वैशाखात कौले परतण्याचे पैसे धाकट्याकडून घेण्यापूर्वी, एकदा ती वही उघडून पाहावी.